साक्ष कोणाची, नोंद कुठे

नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या किल्ल्यावर कोणी प्रबंध लिहायला घेतला, तर त्याच्यापुढची पहिली अडचण इतिहासाची नसते, पत्त्याची असते. इथला राष्ट्रकूटकालीन खंडित शिलालेख संस्कृतात आहे. किल्ल्यातले फारसी लेख गुलाम याझदानी यांनी ‘एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका’मध्ये छापले, ते ‘कंदहार’ या फारसी वळणाच्या नावाखाली. आसपासच्या देवळांतले चालुक्यकालीन लेख बहुतांशी कन्नडमध्ये आहेत. महसुली कागद आधी फारसीत, मग उर्दूत, आणि गावपातळीवर मोडीत. कोणत्याही डिजिटल सूचीत रोमन लिपीत हे नाव टाकले की पुष्कळशा नोंदी अफगाणिस्तानातल्या कंदाहारच्या येतात. किल्ला एकच, पण त्याची साक्ष चार-पाच लिप्यांत आणि तितक्याच शहरांत वाटली गेली आहे. अशा प्रदेशात संदर्भ सांभाळण्याचे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, विषयाचा नकाशा कशावर काढावा, हे प्रश्न कारकुनी वाटतात आणि म्हणूनच शेवटच्या महिन्यात, टंकलेखकाच्या दुकानात सोडवले जातात. माझे म्हणणे असे आहे की नांदेड आणि लातूरच्या बाबतीत ते मूळचे इतिहासाचे प्रश्न आहेत. इथले ज्ञान पुष्कळदा नष्ट झालेले नाही. विधान आणि त्याचा साक्षीदार यांच्यामधली वाट मात्र पुन्हा पुन्हा बुजली. ती बुजली तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच होते. नोंद ज्या लिपीत किंवा ज्या व्यवस्थेत बंद होती, ती उघडणारे लोक उरले नाहीत. साधन निवडताना हा इतिहास डोळ्यांसमोर असला, तर निवडीची कसोटी बदलते.

संदर्भ देणे ही इंग्रजी विद्यापीठांनी आणलेली रीत आहे असा एक सार्वत्रिक समज आहे. तो तपासायचा तर महानुभावांकडे जावे लागते, आणि या पंथाला पवित्र असलेले माहूर नांदेड जिल्ह्यातच आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. त्याने ऐकीव गोष्टींवर चरित्र रचले नाही. जो प्रसंग ज्याच्या समोर घडला त्याला गाठायचे, त्याच्याकडून ऐकायचे, आणि चक्रधरांनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांच्या नजरेखालून घालायचे, अशी त्याची पद्धत होती. ‘लीळाचरित्र’ हे त्यातून उभे राहिले. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी, खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत, मूळ पोथी गेली आणि ग्रंथ ज्यांना पाठ होता त्यांच्या स्मरणातून पुन्हा लिहावा लागला. इथे खरी गंमत आहे. हिराइसेला आठवत होते ते आणि परशरामबासाला आठवत होते ते सगळीकडे जुळत नव्हते. अशा वेळी एक पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकणे सोपे होते. तसे त्यांनी केले नाही. निराळा पाठ ‘वासना’ म्हणून, पुष्कळ ठिकाणी तो कोणाचा हे सांगून, पोथीतच ठेवला. मतभेद आहे, तो कुठे आहे आणि कोणाच्या नावावर आहे, इतके वाचकाला कळले पाहिजे ही जाणीव त्यामागे आहे. आजच्या कित्येक प्रबंधांत एकाच घटनेची दोन वर्षे दोन प्रकरणांत सापडतात आणि दोन्हींखाली तळटीप नसते, ते पाहिले की चौदाव्या शतकातल्या या माणसांविषयीचा आदर वाढतो.

त्याच शतकात मुनिव्यासांनी ‘स्थानपोथी’ रचली. चक्रधर कुठे राहिले, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेच्या ओसरीवर, तिथून पुढचे स्थान कुठे, असा सगळा हिशेब त्यात गावागणिक आहे. ‘लीळाचरित्र’ प्रसंगांच्या क्रमाने चालते, ‘स्थानपोथी’ तीच सामग्री जागेच्या अंगाने लावते. एका मजकुराची दुसऱ्या अंगाने केलेली सूची याहून वेगळी काय असते? एकच नोंद लेखकाच्या नावाखाली, विषयाखाली आणि गावाखाली, तिन्हीकडून हाती लागली पाहिजे, ही जी सोय आज संदर्भाचे प्रत्येक सॉफ्टवेअर मोठ्या अभिमानाने दाखवते, तिची गरज इथे तेव्हा ओळखली गेली होती. पण याच परंपरेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा नुसता अभिमानाचा विषय होईल. ग्रंथांचे पावित्र्य राखण्यासाठी महानुभावांनी ते सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. त्यांतली सकळ लिपी सर्वांत रूढ झाली. परिणाम असा की मराठीतले सर्वांत जुने गद्य मराठी वाचकांना जवळजवळ सहा शतके वाचता आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उकलली तेव्हा दार उघडले. नोंद अचूक होती, साक्षीदारांची नावे जागच्या जागी होती, प्रती काळजीने केलेल्या होत्या, आणि तरीही बाहेरच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ते सगळे नसल्यासारखे होते. काटेकोरपणा आणि खुलेपणा हे दोन वेगळे गुण आहेत, आणि पहिला असला की दुसरा आपोआप येत नाही.

विषयाचा नकाशा काढण्याच्या बाबतीतही असेच एक जुने उदाहरण लातूरपासून फार दूर नाही. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. चाळीसेक फूट लांब आणि चारेक फूट रुंद अशा कापडावर दासोपंतांनी, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सांध्यावर, पंचीकरण हा वेदान्तातला विषय मांडला. ओव्यांबरोबर तक्ते आणि आकृत्या घेऊन मांडला. गीतेवर लाखभर ओव्यांचा ‘गीतार्णव’ ज्यांच्या नावावर सांगितला जातो, त्या माणसाला कागदाची किंवा शब्दांची टंचाई असण्याचे कारण नव्हते. मग कापड का? उत्तर विषयाच्या घडणीत आहे. पाच महाभूते, प्रत्येकाचे दोन अर्धे, एक अर्धा तसाच राखायचा, दुसऱ्याचे चार भाग करून ते उरलेल्या चार भूतांना वाटायचे. म्हणजे पृथ्वीत अर्धी पृथ्वी आणि आप, तेज, वायू, आकाश यांचा प्रत्येकी आठवा हिस्सा. असे पाचांचे झाले की पंचवीस घरांची जाळी तयार होते. ती ओवीमागून ओवी सांगत गेले तर श्रोत्याला पंचविसावे घर येईपर्यंत तिसरे आठवत नाही. डोळ्याला ती एकदम दिसते. मजकूर एका रेषेत चालतो आणि विचार फांद्यांनी वाढतो, ही अडचण दासोपंतांनी ओळखली आणि त्यासाठी वेगळे माध्यम वापरले. न. शे. पोहनेरकरांसारख्या मराठवाड्याच्या संशोधकाने पासोडी संपादून छापली, म्हणून आज ती अंबाजोगाईला न जाताही अभ्यासता येते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पासोडी हा सिद्ध झालेल्या सिद्धान्ताचा तक्ता आहे. तिथे पंचवीस घरे आधीपासून ठरलेली आहेत, दासोपंतांना ती शोधायची नव्हती, शिकवायची होती. संशोधकाला मात्र घरे किती हेच ठाऊक नसते. मग तिला विषयाच्या नकाशाची, म्हणजे माइंड मॅपची, पूर्वज म्हणण्यात अर्थ काय? अर्थ आहे, कारण हा आक्षेप आजच्या साधनांनाही तसाच लागू पडतो. टोनी बुझान यांनी 1974 मध्ये बीबीसीवरून माइंड मॅप लोकप्रिय केला तो मुख्यतः आठवण आणि उजळणी यांसाठी: मध्ये विषय, भोवती फांद्या, फांदीवर एकेक शब्द. त्याच दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हॅक यांनी काढलेला संकल्पना-नकाशा दिसायला तसाच, पण त्यात दोन चौकटी जोडणाऱ्या रेषेवर त्यांचा संबंध काय हे लिहावे लागते. ‘मुळे’, ‘विरुद्ध’, ‘अमक्याच्या मते’. हा भेद छोटा नाही. पहिल्या जातीचा नकाशा आपल्याला काय माहीत आहे ते दाखवतो, दुसरा आपल्याला काय सिद्ध करायचे आहे ते विचारतो. इतिहासाच्या किंवा समाजशास्त्राच्या संशोधनाला दुसरा लागतो, आणि दुकानात बहुधा पहिलाच मिळतो.

आता ती वाट इथे बुजली कशी, याकडे यायला हवे, कारण सॉफ्टवेअरची निवड शेवटी त्या तपशिलावर ठरते. नांदेड आणि लातूर हे दोन्ही प्रदेश 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. 1880 च्या दशकात दरबारी भाषा फारसीची उर्दू झाली. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यमही उर्दू. मराठवाड्यातल्या ज्या मुलाला तिथे उच्च शिक्षण घ्यायचे, त्याने विज्ञानापासून कायद्यापर्यंत सगळे उर्दूतून शिकायचे. त्यासाठी तिथल्या भाषांतर विभागाने परिश्रमाने ग्रंथ आणि परिभाषा घडवली. मराठीतून छापणे आणि सभा भरवणे यांवर बंधने होती. 1920 मध्ये ‘निजाम विजय’ साप्ताहिक निघाले ते हैदराबादेतून. 1948 च्या पोलिस कारवाईने संस्थान भारतात आल्यानंतर उर्दू माध्यम गेले आणि एका पिढीने घडवलेली सगळी संदर्भसामग्री पुढच्या पिढीसाठी मुकी झाली. सरहद्दींनी त्यात भर घातली. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बीदर जिल्ह्यात होते. मग ते उस्मानाबादेत आले. 16 ऑगस्ट 1982 ला लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात. किनवट आदिलाबादेतून नांदेडला आले आणि मुधोळ, भैंसा नांदेडातून आदिलाबादला गेले. गाव हलले नाही, त्याचे दफ्तर मात्र हैदराबाद, बीदर, औरंगाबाद आणि मुंबई यांच्यात विभागले गेले. निलंग्याविषयीचा 1930 चा एखादा कागद आज शोधायचा तर ‘लातूर’ या शब्दाखाली तो कधीच सापडणार नाही.

या तुटीवर एकेका माणसाने पूल बांधायचा प्रयत्न केला. सेतुमाधवराव पगडी 1910 मध्ये निलंग्यात जन्मले, हैदराबाद संस्थानाच्या नोकरीत गेले, आणि फारसी, उर्दू, तेलुगू, कन्नड अशा भाषा त्यांनी अशा आत्मसात केल्या की औरंगजेबाच्या दरबारची अखबारे मराठीत आणणे त्यांना शक्य झाले. ‘मोगल दरबाराची बातमीपत्रे’ या त्यांच्या कामाचे मोल भाषांतराच्या सफाईइतकेच त्याच्या रचनेत आहे: नोंद तारीखवार आहे, म्हणून ज्याला फारसी येत नाही तोही मूळ कागदापर्यंतचा माग धरू शकतो. 1968 मध्ये नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने ‘इन्स्क्रिप्शन्स फ्रॉम नांदेड डिस्ट्रिक्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. धारवाडचे पुरालेखज्ञ श्रीनिवास रित्ती आणि नांदेडचे शेळके या दोघांनी ते सिद्ध केले. जिल्ह्यातले लेख कन्नडमध्ये, वाचणारा कर्नाटकातला, छापणारे नुकते पाच वर्षांपूर्वी निघालेले एक मराठी महाविद्यालय. भाषावार प्रांतरचनेला बारा वर्षे झाली होती आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद पेटलेला होता, अशा काळात हे काम झाले याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही. होट्टल, करडखेड, अर्धापूर यांचा प्राचीन इतिहास लिहिणारा प्रत्येक जण आजही याच पुस्तकाच्या खांद्यावर उभा असतो, कधी नाव घेऊन, पुष्कळदा न घेता. मराठी ग्रंथांपुरते हेच काम शंकर गणेश दाते यांनी केले होते. 1800 ते 1937 पर्यंतच्या पुस्तकांची त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ 1943 मध्ये आली, 1938 ते 1950 चा भाग 1961 मध्ये. त्यामागे ना विद्यापीठ होते ना यंत्र.

इथे नांदेडचा माणूस हमखास एक नाव पुढे करील: नरहर कुरुंदकर. पीपल्स कॉलेजात शिकवणारा, पुढे तिथेच प्राचार्य झालेला, मनुस्मृतीपासून मराठी कादंबरीपर्यंत आणि नाट्यशास्त्रापासून हैदराबादच्या राजकारणापर्यंत संचार असलेला हा विद्वान कोणते सॉफ्टवेअर वापरत होता? स्मरणशक्ती हेच त्यांचे दफ्तर होते, आणि त्यांच्या लेखनाचा मोठा भाग व्याख्यानांतून आणि वादांतून आला. मग साधनांचा एवढा बडेजाव कशासाठी? या आक्षेपात तथ्य आहे ते इतकेच की चांगला विचार साधनातून येत नाही. पण कुरुंदकर 10 फेब्रुवारी 1982 रोजी, वयाच्या पन्नाशीच्या आत, व्यासपीठावरच गेले आणि त्यांच्या डोक्यातली सूची त्यांच्याबरोबर गेली. त्यांचे सिद्धान्त उरले, त्यांवर वाद घालता येतो, पण एखादे निरीक्षण त्यांनी कोणत्या पानावरून उचलले ते प्रत्येक अभ्यासकाला नव्याने हुडकावे लागते. मौखिक विद्वत्तेचा गौरव करताना तिची ही किंमत कोण भरतो, हेही पाहायला हवे. ती भरतो पुढचा विद्यार्थी, आणि त्याच्याजवळ कुरुंदकरांची स्मरणशक्ती नसते. महानुभावांनाही पाठांतराचा अभिमान होता; तरी मूळ पोथी गेल्यावर ते आठवणीवर थांबले नाहीत, आठवणी लिहून काढून त्यांवर नावे घातली.

17 सप्टेंबर 1994 ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. नांदेड, लातूर आणि परभणी हे त्याचे क्षेत्र, पुढे हिंगोली वेगळा झाला तोही त्यातच. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे. त्याआधी ते लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि ज्याला महाराष्ट्र ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ओळखतो त्याच्या जडणघडणीत त्यांचे नाव घेतले जाते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर मराठीत ग्रंथ लिहिणारे ते संशोधक, तेव्हा त्यांना संदर्भाचे महत्त्व सांगायची गरज नव्हती. पण ज्या परीक्षापद्धतीने लातूरचे नाव झाले तिचा स्वभाव वेगळा आहे. तिथे उत्तर बरोबर की चूक एवढेच मोजले जाते, ते कुठून आले हे कोणी विचारत नाही. झेरॉक्सच्या नोट्सवर लेखकाचे नाव नसते आणि विद्यार्थ्याला त्याची उणीव भासत नाही. वैद्यकीय प्रवेशासाठी ही पद्धत कामाची आहे, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र तिच्यातून तयार झालेला विद्यार्थी पुढे संशोधनाकडे वळतो तेव्हा ‘हे कोण म्हणतो?’ हा प्रश्न त्याला प्रथमच भेटतो, आणि तोही बहुधा धाकाच्या रूपात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनी वाङ्मयचौर्याचे टप्पे ठरवले: दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, चाळीसपर्यंत सुधारून द्यावे लागेल, साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. तेव्हापासून संदर्भ म्हणजे टक्का खाली आणण्याचा उपाय अशी एक समजूत पसरली आहे. साम्य शोधणाऱ्या यंत्राला जे मराठी ग्रंथ डिजिटल रूपात नाहीत ते दिसतच नाहीत, म्हणजे मराठीतल्या प्रामाणिकपणाची परीक्षा ते यंत्र अर्धीच घेते. उरलेली अर्धी संशोधकाच्या नोंदवहीने घ्यायची असते.

नोंदवही कोणती, हा प्रश्न आता ठोसपणे घेता येतो. एण्डनोट 1980 च्या दशकाच्या अखेरीचे, विकत घ्यावे लागणारे. मेंडली 2008 चे, 2013 मध्ये एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीने घेतलेले. झोटेरो 2006 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासविषयक केंद्राने काढले. म्हणजे ते घडवणारे मुळात इतिहासकार, आणि ते मोफत व मुक्तस्रोत आहे. सुविधांच्या तक्त्यात तिघांमध्ये उन्नीस-बीसचा फरक दिसतो, आणि कार्यशाळांत तोच तक्ता दाखवला जातो. सकळ लिपीचा इतिहास माहीत असलेल्याने वेगळे दोन प्रसंग पाहावेत. झोटेरोला एण्डनोटच्या शैलीच्या फायली वाचता येऊ लागल्या तेव्हा 2008 मध्ये एण्डनोटच्या मालक कंपनीने विद्यापीठावर दावा लावला. 2009 मध्ये तो निकाली निघाला. 2018 मध्ये मेंडलीने वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावरचा माहितीसाठा सांकेतिक करून टाकला, त्यामुळे आपल्याच नोंदी दुसऱ्या साधनात नेणे अवघड झाले. 2022 मध्ये ते जुने डेस्कटॉप साधनच कंपनीने मागे घेतले. एक पीएच.डी. पाच-सहा वर्षे चालते. त्या नोंदींचा उपयोग तिच्यानंतर वीस वर्षे व्हावा अशी अपेक्षा असेल, तर नोंदी साध्या मजकुराच्या रूपात कधीही बाहेर काढता येतात का, हा पहिला प्रश्न ठरतो. त्या कसोटीवर माझा कौल झोटेरोला आहे. ज्यांना लाटेक्स ही अक्षरजुळणीची प्रणाली वापरता येते त्यांनी बिबटेकच्या फायलीत नोंदी ठेवल्या तरी हरकत नाही, उलट त्या अधिक टिकाऊ.

पण झोटेरो घेतले म्हणजे सुटलो असेही नाही. ही सगळी साधने डीओआय, म्हणजे कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, असलेल्या इंग्रजी शोधनिबंधासाठी घडलेली आहेत. तिथे एका टिचकीत नोंद होते. मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’मधला लेख मात्र हातानेच भरावा लागतो. शिलालेखाला लेखक नसतो, दफ्तरातल्या कागदांच्या रुमालाला प्रकाशक नसतो. तारखेचा घोळ तर गमतीदार आहे. हैदराबाद संस्थानचे कागद फसली सनात आहेत. त्यात 590 किंवा 591 मिळवले की इसवी सन येतो. पोलिस कारवाई 1357 फसलीच्या अखेरीस झाली. तारखेच्या रकान्यात कोणी ‘1357 फसली’ असे सरळ भरले, तर यंत्र त्या चार आकड्यांना वर्ष समजते आणि रझाकारांच्या काळातला कागद बहमनी राज्याच्या पहिल्या दशकात जाऊन बसतो. तेव्हा इसवी सन तारखेत आणि मूळ सन ‘एक्स्ट्रा’ रकान्यात, असा नियम विभागाने पहिल्याच दिवशी घालून द्यावा. गावाला आजचा जिल्हा आणि कागदाच्या वेळचा जिल्हा असे दोन टॅग हवेत: निलंगा, लातूर, बीदर. कंधारला रोमनमधली सगळी रूपे टॅगमध्ये हवीत. देवनागरी, रोमन आणि उर्दू यांची एकच अकारविल्हे यादी होऊ शकत नाही, साधने तर बहुधा एकच सलग यादी देतात; म्हणून भाषावार संग्रह आधीपासून वेगळे ठेवावेत. हे शिकायला एक दुपार पुरते. सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या कार्यशाळेत मात्र यातले काही शिकवले जात नाही, कारण ती कार्यशाळा नांदेडसाठी तयार केलेलीच नसते.

नकाशाच्या साधनाला कसोटी तीच, फक्त एक अट जास्त. किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाचे उदाहरण घेऊ. त्यावर भूकंपशास्त्रज्ञांनी लिहिले, घरबांधणीच्या अभियंत्यांनी लिहिले, पुनर्वसनाच्या अर्थकारणावर, मानसिक आघातावर, अनाथ मुलांवर, जमिनीच्या बदललेल्या मालकीवर लिहिले गेले. लातूरचा संशोधक या विषयाचा माइंड मॅप काढतो तेव्हा मध्ये ‘किल्लारी’ आणि भोवती सहा फांद्या एवढेच होते. दिसायला छान, कामाला शून्य. उपयोग तेव्हा होतो जेव्हा ‘दगडमातीची जाड भिंत’ या चौकटीपासून ‘मृत्यूंची संख्या’ या चौकटीकडे जाणाऱ्या रेषेवर संबंध लिहिलेला असतो आणि त्या रेषेला संदर्भसाधनातल्या नोंदीचा दुवा जोडलेला असतो. फ्रीप्लेनसारख्या मोफत साधनात हे करता येते, सीमॅप तर प्रत्येक रेषेवर शब्दाची जागा स्वतःच मांडून ठेवते. ज्या रेषेला दुवा नाही ती आपली अटकळ, इतके ठरवून घेतले की नकाशा स्वतःच सांगू लागतो की वाचन कुठे कमी पडले आहे. पासोडीवरचा आक्षेपही इथे निवळतो: घरे आधी ठरलेली नसली तरी चालते, रिकामे घर रिकामे दिसले पाहिजे.

शेवटचा आक्षेप परिस्थितीचा आहे आणि तो सर्वांत जड आहे. देगलूर किंवा किनवटच्या महाविद्यालयात नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाजवळ चांगला संगणक असेलच असे नाही, वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नाही, आणि त्याचा मार्गदर्शक स्वतः वहीतच टिपणे काढत आलेला आहे. अशाने नोंदपत्रांची जुनी पेटी का सोडावी? सोडू नये. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एक नोंद, वर लेखक, खाली पान आणि ग्रंथालयाचे नाव, ही पद्धत कोणत्याही सॉफ्टवेअरइतकी खुली आहे आणि तिला वीज लागत नाही. तिची मर्यादा एकच: ती एका घरात असते. पगडींना, रित्तींना, दात्यांना जे साधले ते त्यांच्या नोंदी छापल्या गेल्या म्हणून. आज छापण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते नोंदी एकत्र करणे, आणि झोटेरोच्या सामायिक संग्रहात ते खर्चाशिवाय होते, कारण नुसत्या नोंदींना साठ्याची मर्यादा लागत नाही, फायलींना लागते.

सुरुवात करायची सामग्री हाताशी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनंतर प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर चढू लागले आणि नांदेड विद्यापीठाचे प्रबंधही तिथे आहेत. प्रत्येकाच्या शेवटी पाच-पंचवीस पानांची संदर्भसूची आहे. तीत गावोगावच्या स्मरणिका, बंद पडलेली साप्ताहिके आणि खाजगी दफ्तरे यांचा उल्लेख येतो, दुसरीकडे कुठेही येत नाही असा. मात्र त्यांतले पुष्कळसे मराठी प्रबंध युनिकोड रूढ होण्याआधीच्या श्रीलिपी किंवा तत्सम फॉण्टमध्ये टंकलेले आहेत. पडद्यावर ‘कंधार’ दिसते. तो शब्द उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटते, आणि शोधयंत्रालाही तेवढेच दिसते. पूर्ण प्रबंध पुन्हा टंकायचे कोणी म्हणणार नाही. संदर्भसूचीची पाने तेवढी युनिकोडमध्ये उतरवायची, फसली सन आणि जुने जिल्हे वरच्या नियमाने भरायचे, आणि जिथे दोन प्रबंध एकाच कागदाचा वेगळा पत्ता देतात तिथे दोन्ही पत्ते प्रबंधकर्त्याच्या नावासह ठेवायचे. इतिहास आणि मराठी विभागांच्या एम. ए. च्या विद्यार्थ्यांना लघुप्रबंध लिहावाच लागतो. त्यांच्यापैकी काहींना दरवर्षी दहा-दहा प्रबंधांच्या सूच्या वाटून दिल्या तर हे काम नांदेडच्या आवारात आणि लातूरच्या उपकेंद्रात याच वर्षी सुरू होऊ शकते.